स्वीडनमध्ये नवीन आलायत? आधी आपली कोम्यून समजून घ्या

आम्ही इथे रो-हाऊस घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीतला बर्फ चार दिवस कोणी काढला नाही, आणि मी नाशिकची, सवयीप्रमाणे डोकं फिरलं आणि कोम्यूनला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, मेल ठोकला. उत्तर नाही आलं म्हणून दुसरा ठोकला. तिसऱ्यांदा फोन केला तर पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, तुमची गल्ली कोम्यूनची नाहीच, ती तुमच्या सामफेल्लिगहेतची आहे. म्हणजे आजूबाजूच्या चाळीस घरांची मिळून जी सोसायटी असते तिची. म्हणजे आमची. म्हणजे ज्या रस्त्याची मी तक्रार करत होते त्याची एक-चाळीसांश मालकीण मीच होते, आणि त्याची वर्षाची वर्गणीही मीच भरली होती, कशाची आहे ते न वाचता.

तेव्हापासून या विषयात जरा लक्ष घालायला लागले. आता नवीन आलेलं कोणी भेटलं की तेच तेच प्रश्न येतात, मेयर कोण, आपला नगरसेवक कोण, एवढा टॅक्स जातो कुठे. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. आपल्याला सवय असते ती माणूस शोधायची, कोणाची तरी ओळख काढायची. इथे आधी टेबल शोधायचं असतं. तुमचं काम कोणत्या टेबलावर पडतं हे कळलं की निम्मं काम झालं.

सुरुवातीला हाताशी काय असू द्या

- पेर्सोननुम्मेर, म्हणजे तुमचा ओळख क्रमांक, आणि स्कात्तेवेर्केतकडून, म्हणजे टॅक्स आणि नोंदणीच्या सरकारी खात्याकडून, मिळणारं आयडी कार्ड
- बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायची सोय (हे स्वीडिश बँकेत खातं उघडल्यावरच मिळतं, आणि याच्याशिवाय कोम्यूनच्या ऑनलाइन सेवांमध्ये अर्ध्या ठिकाणी दारातच अडकाल)
- पेर्सोनबेविस, म्हणजे नोंदणीचा दाखला, स्कात्तेवेर्केतच्या साइटवरून फुकट निघतो
- घराच्या कराराची प्रत, दोघांचे पगाराचे आकडे, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले
- दारावर किंवा पत्रपेटीवर तुमचं आडनाव. हसू नका, ते नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि इथे महत्त्वाची बरीच पत्रं अजून कागदावर येतात

१. आधी तीन टेबलं वेगळी करा

स्वीडनमध्ये २९० कोम्यून आहेत आणि २१ रेगिओन, म्हणजे जिल्ह्याएवढ्या हद्दीच्या निवडून आलेल्या संस्था. त्यांच्या वर सरकार, म्हणजे स्टॉकहोमचं सरकार आणि त्याची खाती. आता गोंधळ असा की आपल्याला वाटतं कोम्यून खालची, रेगिओन तिच्या वरची, जसं ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद. तसं नाहीये. दोघींच्या वेगळ्या निवडणुका, वेगळा टॅक्स, वेगळी कामं, आणि कोणी कोणाच्या हाताखाली नाही.

ढोबळमानाने असं लक्षात ठेवा. शाळा, फोरस्कूला म्हणजे बालवाडी, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, अपंगांच्या सेवा, सोशल सर्व्हिस, पाणी, ड्रेनेज, कचरा, बांधकाम परवानगी, शहराचा आराखडा, अग्निशमन, लायब्ररी, ही कोम्यूनची कामं. दवाखाना, हॉस्पिटल, दाताचा डॉक्टर रेगिओनकडे, आणि बस-लोकलही बहुतेक ठिकाणी तिच्याकडेच. मुलांचा भत्ता, आजारपणाचे पैसे, पालकत्वाची रजा फोरशेक्रिंग्सकासानकडे, म्हणजे सरकारकडे. पोलीस सरकारचे. टॅक्स आणि नोंदणी स्कात्तेवेर्केतकडे, तेही सरकारचं.

यात एक चौथं नाव सारखं आडवं येतं, लेन्सस्तीरेल्से. ते म्हणजे जिल्ह्यातलं सरकारचं ऑफिस, थोडंफार आपल्या कलेक्टर ऑफिससारखं. नाव रेगिओनशी गल्लत होईल असं, हद्दही तीच, पण तिथे कोणी निवडून येत नाही. नवीन माणसाला त्याच्याशी सहसा काम पडत नाही.

गॉटलंड बेटावर मात्र कोम्यून आणि रेगिओन एकच आहे. आणि रस्त्यांचं तर विचारूच नका, हमरस्ता सरकारचा, शहरातला कोम्यूनचा आणि गल्लीतला, सांगितलं ना, कधीकधी तुमचाच.

सापळा: वोर्दसेंत्राल, म्हणजे घराजवळचा दवाखाना, अपॉइंटमेंट देत नाही म्हणून कोम्यूनला लिहू नका. ते नम्रपणे सांगतील की हे आमचं नाही, आणि तुमचा आठवडा गेला.

२. नोंदणी करा, आणि १ नोव्हेंबर लक्षात ठेवा

वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर स्कात्तेवेर्केतकडे फोल्कबुकफोरिंग करायचं, म्हणजे अमुक पत्त्यावर राहते अशी नोंद. ही नोंद झाली की तुम्ही त्या कोम्यूनचे मेंबर. नागरिकत्व लागत नाही. पुढे घर बदललं तर आठवड्याच्या आत कळवायचं.

इथे बरेच जण एक चूक करतात. पहिलं घर मिळेपर्यंत मित्राच्या पत्त्यावर नोंद करतात आणि राहतात दुसऱ्याच कोम्यूनमध्ये. मग मुलाला शाळा मिळते मित्राच्या घराजवळची. आणि खोट्या पत्त्याची नोंद हा इथे गुन्हा धरतात, तेव्हा हे करू नका.

टॅक्स कोणत्या कोम्यूनच्या दराने लागणार ते आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तुमची नोंद कुठे होती त्यावर ठरतं. माझ्या ऑफिसमधला एक जण फेब्रुवारीत कमी टॅक्सच्या कोम्यूनमध्ये राहायला गेला आणि मार्चपासून पगार वाढेल म्हणून वाट बघत बसला, तो डिसेंबरपर्यंत तसाच बसला.

३. ठरवतं कोण

हा भाग जरा नीट वाचा, कारण आपल्या डोक्यातलं चित्र इथे बसत नाही.

सगळ्यात वर फुलमेक्तिगे. म्हणजे निवडून आलेली सभा. दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी निवडणूक, त्याच दिवशी देशाची आणि रेगिओनचीही. स्टॉकहोमच्या सभेत १०१ लोक आहेत, गॉटेनबर्गमध्ये ८१, माल्मोत ६१, आणि छोट्या कोम्यूनमध्ये वीस-पंचवीससुद्धा. बजेट, टॅक्सचा दर, मोठी धोरणं, फी, हे सगळं इथे ठरतं.

मेयर नाही. म्हणजे लोकांनी थेट निवडलेला महापौर असा प्रकारच नाही. सभा कोम्यूनस्तीरेल्से निवडते, स्थायी समिती समजा, पण तिच्याकडे अधिकार बरेच जास्त. तिचा अध्यक्ष हा कोम्यूनमधला सगळ्यात वजनदार राजकारणी. तो आणि आणखी काही जण पूर्णवेळ पगारी असतात, त्यांना कोम्यूनालरोद म्हणतात, आणि गंमत म्हणजे विरोधी पक्षाचाही एखादा पूर्णवेळ पगारी असतो.

मग नेम्द. नेम्द म्हणजे विषयवार मंडळ, शाळांचं एक, सोशलचं एक, बांधकामाचं एक, अशी. कोणती ठेवायची ते बहुतांशी कोम्यूननेच ठरवायचं, पण निवडणुकीचं मंडळ ठेवणं भागच आहे. या मंडळांत सत्ताधारी आणि विरोधक दोघंही बसतात, संख्येच्या प्रमाणात. म्हणजे सत्ता गेली म्हणून तुम्ही बाहेर असं नाही, टेबलाला तुम्हीही असता, फक्त मत हरता.

प्रत्येक नेम्दच्या हाताखाली फोरवाल्तनिंग, म्हणजे खातं, तिथे नोकरदार माणसं. सगळ्यांच्या वर कोम्यूनदिरेक्तोर. आता आपल्याकडे महापालिकेचा आयुक्त राज्य सरकार पाठवतं, आयएएस अधिकारी, आज इथे उद्या तिथे. इथे कोम्यूनदिरेक्तोरला कोम्यून स्वतः जाहिरात देऊन नेमते, आणि पटलं नाही तर तीच काढते. सरकारचा त्यात काही हात नाही.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण? कोणी नाही. वॉर्डच नाही. पक्षाची यादी असते, पक्षाला जितकी टक्के मतं साधारण तितक्या जागा. मोठ्या शहरांत मतदारसंघ पाडलेले असतात पण तिथूनही एकेक माणूस निवडून येत नाही. त्यामुळे ‘साहेब जरा आमच्या गल्लीचं बघा’ म्हणायला साहेबच नाही. सुरुवातीला मला हे फार विचित्र वाटलं, कोणाकडे जायचं मग? नंतर कळलं की ज्या नेम्दचा विषय आहे त्या नेम्दच्या अध्यक्षाला मेल करता येतो, आणि विरोधी पक्षाच्या उपाध्यक्षालाही करता येतो, आणि दुसरा मेल जास्त कामाचा ठरतो, का ते तुम्हाला सांगायला नको.

शिवाय रोजचे निर्णय राजकारणी घेतच नाहीत. नेम्द आपले अधिकार कर्मचाऱ्यांना लेखी वाटून देते, देलेगाशून म्हणतात त्याला. तुमच्या मुलीची फोरस्कूलाची जागा, तुमच्या शेडची परवानगी, हे एखादा हांदलेग्गारे, म्हणजे केस बघणारा कर्मचारी, स्वतःच्या सहीने ठरवतो. त्याच्यावर दबाव आणायला राजकारण्याला फोन केलात तर काम होणार नाहीच आणि दोघंही तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

एकदा तरी फुलमेक्तिगेची बैठक बघायला जा. ती सगळ्यांना खुली असते, नाव-गाव कोणी विचारत नाही, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनही दाखवतात. मी गेले तेव्हा बाहेर उणे बारा, आत लाकडी हॉल, मागे भिंतीला टेकून पाच खुर्च्या प्रेक्षकांसाठी आणि त्यातल्या चार रिकाम्या. माझ्या समोर बसलेली बाई पर्समध्ये लोकरीचं विणकाम ठेवून आली होती आणि तिची पाळी आली तेव्हा ते बाजूला ठेवून जलवाहिन्यांच्या खर्चावर सात मिनिटं बोलली, एकही कागद न बघता. नंतर कॉफीच्या सुट्टीत कळलं की ती शाळेत नर्स आहे. इथले बहुतेक निवडून आलेले लोक असेच, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी राजकारण, फ्रितीद्सपोलितिकर म्हणतात, फावल्या वेळचे राजकारणी. बैठकीचा भत्ता मिळतो, गाडी-बंगला काही नाही. अध्यक्ष प्रत्येक ठरावाला लाकडी हातोडी आपटतो. ठक. पुढचा विषय. ठक. तीन तासांत कोणी कोणावर ओरडलं नाही, खरं सांगू तर थोडी निराशाच झाली.

४. पैसा कुठून येतो

पगाराच्या स्लिपवर जो टॅक्स कापलेला दिसतो तो बहुतेकांच्या बाबतीत सरकारकडे जातच नाही, तो कोम्यून आणि रेगिओनकडे जातो. हे ऐकून माझ्याकडे येणारा प्रत्येक नवीन माणूस चकित होतो. केंद्र सरकारचा इन्कम टॅक्स, २० टक्के, फक्त वर्षाला साधारण साडेसहा लाख क्रोनांच्या पुढे कमाई असलेल्यांना त्या वरच्या रकमेवर लागतो. आयटीवाल्यांपैकी अनेकांना लागतो म्हणा.

कोम्यून आणि रेगिओनचा मिळून सरासरी दर ३२ टक्क्यांच्या थोडा वर आहे. त्यातले वीस-एकवीस कोम्यूनचे, अकरा-बारा रेगिओनचे. दर प्रत्येक कोम्यून आपला आपण ठरवते. स्टॉकहोममध्ये एकूण तीसच्या आसपास, जवळच्या ओस्तेरोकेरमध्ये एकोणतीसच्या आसपास, आणि उत्तरेकडच्या दोरोतेआमध्ये पस्तीसच्या वर. स्लॅब नाहीत, सगळ्यांना एकच दर. प्रत्यक्षात पगारातून होणारी कपात यापेक्षा कमी असते, कारण काही रक्कम आधी वगळली जाते आणि नोकरी करणाऱ्यांना एक खास सूट मिळते. ही सूट तुमच्या टॅक्समधून जाते पण तिचा बोजा सरकार उचलतं, कोम्यूनला पैसे पूर्ण मिळतात.

पगाराच्या स्लिपवर ‘तबेल’ आणि एक आकडा दिसेल, ३०, ३३ वगैरे. तो म्हणजे तुमच्या कोम्यूनचा एकूण दर जवळच्या पूर्णांकात. तो चुकीचा असेल तर एचआरला लगेच सांगा.

कोम्यूनच्या उत्पन्नातला साधारण दोन तृतीयांश वाटा हा असा टॅक्समधून येतो. बाकी सरकारी अनुदान आणि फी. घरपट्टी आहे पण तिला कमाल मर्यादा आहे आणि तिच्यावर कोम्यून चालत नाही. पाणी-कचऱ्याच्या फीमधून नफा काढायला कायद्याने बंदी आहे, जेवढा खर्च तेवढीच वसुली.

मग प्रश्न पडतो की दोरोतेआसारख्या ठिकाणी, जिथे अडीच हजारसुद्धा माणसं नाहीत आणि त्यातले कितीतरी म्हातारे, तिथे शाळा आणि वृद्धाश्रम चालतात कसे? त्याला उत्तर आहे उत्येमनिंग, म्हणजे समतोल साधायची पद्धत. ज्या कोम्यूनची माणशी कमाई देशाच्या सरासरीच्या ११५ टक्क्यांच्या खाली आहे तिला सरकार भरपाई देतं, आणि जी वर आहे तिच्याकडून घेतं. भरणाऱ्या अगदी हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या, दांदेरीद, लिदिंगो अशा स्टॉकहोमच्या भोवतालच्या श्रीमंत कोम्यून. तिथले लोक याला वैतागून रॉबिन हूड टॅक्स म्हणतात. त्याशिवाय खर्चाचाही वेगळा हिशोब असतो, मुलं किती, म्हातारे किती, माणसं किती विखुरलेली. किरुना कोम्यूनचा पसारा बघा, जमीन १९ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्याहून मोठी, आणि सुंदबीबेरी कोम्यून नऊ चौरस किलोमीटरसुद्धा नाही. दोघींना कायदा एकच, तेव्हा असं काही नसतं तर निभावलंच नसतं.

बजेट दरवर्षी नोव्हेंबरपर्यंत पास होतं, निवडणुकीच्या वर्षी नवीन सभा ते करते. तुटीचं बजेट सहसा चालत नाही, आणि वर्षअखेर तूट आलीच तर तीन वर्षांत भरून काढावी लागते. तुमच्या कोम्यूनमध्ये अचानक शाळा बंद करायची किंवा लायब्ररीचे तास कमी करायची चर्चा सुरू झाली तर मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

५. जातो कुठे

सगळ्यात जास्त शाळा आणि फोरस्कूलांवर, शंभरातले चाळीसच्या आसपास. त्याच्या खालोखाल म्हातारी माणसं आणि अपंगांच्या सेवा. रस्ते, बागा, सगळं त्यानंतर. खाजगी मंडळी चालवतात त्या शाळांनासुद्धा प्रत्येक मुलामागे कोम्यूनच पैसे देते, म्हणून तिथेही फी नसते. पालकांकडून डोनेशन घेणारी शाळा शोधत असाल तर मिळणार नाही.

६. कामं करून घ्यायची पद्धत

फोरस्कूला. मूल एक वर्षाचं झालं की जाता येतं. अर्ज कोम्यूनच्या साइटवर बँकआयडीने. अर्ज केल्यापासून चार महिन्यांत जागा देणं कोम्यूनला बंधनकारक आहे, पण तुम्हाला हवी तीच शाळा देणं नाही. म्हणून लवकर अर्ज टाका आणि यादीत घराजवळच्या दोन-तीन तरी घाला. फी पहिल्या मुलाला घरच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथं फुकट, आणि त्यावर कमाल मर्यादा. सापळा: उत्पन्न कळवलं नाहीत तर बहुतेक ठिकाणी सरळ सगळ्यात वरची फी लावतात. आणि कमी सांगितलंत तर नंतर टॅक्सच्या आकड्यांशी ताडून फरक मागतात.

स्वीडिश भाषेचे वर्ग, एसएफआय. मोठ्या माणसांसाठी, फुकट, कोम्यूनची जबाबदारी. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणून मी दोन वर्षं टाळलं, तुम्ही टाळू नका, कोम्यूनची पत्रं स्वीडिशमध्येच येतात.

मराठी. हो, मराठी! शाळेत मुलाला मातृभाषा शिकायचा हक्क आहे, मूदेर्समोल म्हणतात. ती भाषा घरात रोज वापरात हवी, मुलाला तिची थोडीफार तोंडओळख हवी, कोम्यूनमध्ये निदान ५ मुलांनी ती मागायला हवी आणि शिकवायला योग्य शिक्षक मिळायला हवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी हे फसलं ते आपल्याच लोकांमुळे. सात घरं होती मराठी, गणपतीला सगळी एका हॉलमध्ये आरती म्हणायला, पण फॉर्मवर तीन जणांनी हिंदी लिहिलं, कारण ‘हिंदीचा टीचर लगेच मिळतो ना’. आणि राहिलेल्या चार घरांतल्या पाच मुलांपैकी दोन खाजगी शाळेत होती, त्यांची मोजणी त्या शाळेची वेगळी होते, कोम्यूनच्या आकड्यात ती धरतच नाहीत. राहिली तीन. पुढच्या वर्षी जानेवारीतच सगळ्यांना फोन केले, एकेकीच्या घरी जाऊन फॉर्म भरून घेतले, अगदी सोसायटीच्या इलेक्शनसारखं, आणि मराठी शिकवू शकेल अशी एक बी.एड. झालेली वहिनी शोधून तिला आधीच अर्ज करायला लावला. तेव्हा झालं. शिक्षक तुम्हीच शोधून दिलात तर कोम्यूनला नाही म्हणणं अवघड जातं.

रस्त्यावरचा दिवा गेला, खड्डा पडला, कचरा उचलला नाही, तर साइटवर किंवा अ‍ॅपवर फेलआनमेलान, म्हणजे तक्रार नोंद. फोटो आणि नकाशावर टाचणी. यासाठी कोणालाही मेल करायची गरज नाही. आधी रस्ता कोणाचा ते बघा, मी परत सांगत नाही.

७. कागद मागायला लाजू नका

१७६६ च्या कायद्यापासून इथे सरकारी कागद लोकांना बघायला खुले आहेत. आपला माहिती अधिकार २००५ चा, आणि त्यात अर्ज, फी, तीस दिवस. इथे कोम्यूनला साधा मेल करून ‘अमुक विषयाचे कागद पाठवा’ म्हणायचं, नाव सांगायची सक्ती नाही, कारण सांगायची सक्ती नाही, आणि त्यांनी ते लवकरात लवकर द्यायचे. जागेवर जाऊन वाचणं फुकट, कागदी प्रतींचे पैसे पडू शकतात. प्रत्येक कोम्यूनमध्ये रेगिस्त्रातोर असतो, येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद ठेवणारा. तुमच्या अर्जाला दियारिएनुम्मेर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, मिळतो, तो जपून ठेवा, पुढे फोनवर पहिला प्रश्न तोच असतो.

आता याची दुसरी बाजू. तुम्ही कोम्यूनला लिहिलेला मेलसुद्धा असाच खुला कागद होतो. सोशल सर्व्हिस, आजारपण वगैरे गोष्टींना गुप्ततेचं संरक्षण आहे, पण शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल रागारागाने लिहिलेला मेल शेजारी मागून वाचू शकतो. आमच्या ओळखीत घडलंय हे. अजूनही ते दोघं कचऱ्याच्या डब्यापाशी भेटले की वर आकाशाकडे बघतात.

८. निर्णय पटला नाही तर

इथे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि चुकीची धरली की संपलं.

निर्णय तुमच्यापुरता असेल, म्हणजे परवानगी नाकारली, मदत नाकारली, तर पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत ओवरक्लागा करायचं, म्हणजे अपील. हे अपील ज्या खात्याने निर्णय दिला त्यालाच पाठवायचं, ते पुढे कोर्टाकडे किंवा अपील ऐकणाऱ्या दुसऱ्या ऑफिसकडे पाठवतात. निर्णयाच्या पत्राच्या शेवटी कसं करायचं ते लिहिलेलं असतं, तो शेवटचा पानभर मजकूर लोक वाचत नाहीत, वाचा.

निर्णय सगळ्या गावाचा असेल, उदाहरणार्थ एखादी शाळा बंद करायचा ठराव, तर लागलिगहेत्सप्रोवनिंग, म्हणजे निर्णय कायद्याला धरून आहे का याची तपासणी, जे कोम्यूनचा कोणताही मेंबर मागू शकतो, आपणही. हे थेट फोरवाल्तनिंग्सरेत्त या कोर्टात द्यायचं. कोर्ट फक्त कायदा मोडला का एवढंच बघतं, निर्णय शहाणपणाचा होता का हे बघत नाही, आणि बेकायदा ठरला तर रद्द करतं, बदलून देत नाही.

याची मुदतही तीन आठवडेच, पण मोजायची वेगळी. बैठकीचं प्रोतोकोल, म्हणजे इतिवृत्त, सह्या होऊन तपासलं गेलं की त्याची सूचना कोम्यूनच्या साइटवरच्या आन्सलाग्सताव्लावर, म्हणजे डिजिटल नोटीस बोर्डवर लागते, त्या दिवसापासून. घरी पत्र येत नाही. आमच्या भागातली छोटी शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा आम्ही पालक पत्राची वाट बघत राहिलो, चांगले चोवीस दिवस, आणि मग एकीने विचारलं की हे आधीच कुठे लावलं तर नाही ना. लावलं होतं. मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती.

आणि अर्ज करून सहा महिने झाले तरी उत्तरच नाही असं असेल तर लेखी मागणी करा की आता निर्णय द्या. त्यांना चार आठवड्यांत एकतर निर्णय द्यावा लागतो नाहीतर नकार, आणि त्या नकारावर अपील करता येतं. ही सोय फारशा लोकांना माहीत नाही.

९. मतदान, नागरिकत्वाशिवाय

१९७६ पासून परदेशी नागरिकांना कोम्यून आणि रेगिओनच्या निवडणुकीत मत देता येतं. भारतीय पासपोर्ट असेल तर निवडणुकीच्या दिवसापर्यंत सलग तीन वर्षं स्वीडनमध्ये नोंद हवी आणि वय १८ पूर्ण हवं. युरोपियन युनियन, नॉर्वे, आइसलंडवाल्यांना तीन वर्षांची अट नाही. २०२६ ची निवडणूक १३ सप्टेंबरला, म्हणजे १३ सप्टेंबर २०२३ ला किंवा आधी नोंद झालेली आणि मध्ये तुटलेली नसली की तुमचं नाव आपोआप यादीत येतं. वेगळा अर्ज नाही. मत देता येत असेल तर उभंही राहता येतं.

घरी रोस्तकोर्त, म्हणजे मतदानाचं कार्ड, येतं, ते आणि आयडी घेऊन जायचं. केंद्रावर तीन रंगांच्या मतपत्रिका असतात, पिवळी देशाची, निळी रेगिओनची, पांढरी कोम्यूनची. तुम्ही पिवळीला हात लावायचा नाही, तिला नागरिकत्व लागतं. पक्षाची पांढरी उचला, हवं असेल तर त्यावरच्या एका नावापुढे फुली मारा, नाही मारली तरी मत पक्षाला जातंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गोंधळून पांढऱ्या दोन उचलल्या होत्या, वेगवेगळ्या पक्षांच्या. दारातल्या म्हाताऱ्या आजोबांनी बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाले, पाकिटात एकच हं.